अक्का, तुम्हाला काय आवडायचं?

मंगळवार, १४ जुलै. शुक्रवारी तुमचा तेरावा. जेवणाची यादी उद्या सकाळी आठला आचाऱ्यांच्या हातात द्यायची, म्हणून ऑफिसमधून आल्या आल्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कागद घेऊन बसले. हो, कालपासून ऑफिसला जाते आहे. बंगळूरच्या जयनगरातल्या निम्म्या नातेवाइकांना ते रुचलेलं नाही. भात, वरण, दोन भाज्या, कोशिंबीर, आमटी, पुऱ्या, केळीची पानं, पाण्याचे कॅन. कारखान्याच्या खरेदी खात्यात आयुष्य गेलं, याद्या मला येतात. दहा मिनिटांत कागद भरला. एक ओळ तेवढी राहिली. आचाऱ्यांनी फोनवर दोनदा बजावलं होतं, "अम्मा, गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ नीट विचारून लिहा. तो पहिल्या पानात वाढायचा असतो."

विचारायचं कुणाला? चोवीस वर्षं मी तुमच्या हातचं जेवले, अक्का, आणि तुम्ही काय चवीनं खायचात हे मला सांगता येत नाही.

मोहनला विचारलं. माझा नवरा झाला म्हणून काय, तुमचा तो सख्खा धाकटा दीर. माझ्याही आधीपासून तुमच्या हातचं खाणारा. तो म्हणाला, "शिरा लिहून टाक. शिरा सगळ्यांनाच आवडतो." निपाणीला तुमच्या भावाला फोन लावला. ते म्हणाले, "अक्का आम्हाला वाढायची हो. तिला काय, सगळंच चालायचं." एवढ्यात आमची ऋता खोलीतून ओरडत आली, "अगं आई, आईस्क्रीम! दोड्डम्माला आईस्क्रीम आवडायचं. पार्कमध्ये तिनं तीन वाट्या खाल्ल्या, विसरलीस?" शेजारच्या कन्नड मुलांचं ऐकून ती लहानपणापासून तुम्हाला दोड्डम्मा म्हणायची, थोरली आई. तिनं फोनमधले फोटो काढून समोर धरले. तुम्ही हसता आहात, हातात वाटी आहे. मोहनलाही बरं वाटलं. कुणाला तरी काहीतरी माहीत होतं. "मग ठरलं," तो म्हणाला. ऋता म्हणाली, "शुक्रवारी मी आणते."

मी ओळीवर आईस्क्रीम लिहिलं. दोघं आत गेले. मी अजून इथंच बसले आहे, कारण तुम्ही ते आईस्क्रीम का खाल्लंत हे या घरात फक्त मला माहीत आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही चाळिशीच्या होतात. भाऊजी जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला ओट्याशी गाठून म्हणालात, "हे बघ विद्या, नोकरी सोडू नकोस. चूल मी बघते. तुला येतही नाही फारसं." टोमणा होता आणि खराही होता. त्यानंतर मी यशवंतपूरच्या कारखान्यात रोज गेले, आधी कंपनीच्या बसनं, पुढे मेट्रोनं, आणि एक दिवसही डबा चुकला नाही. मला बढत्या मिळाल्या, ऋता वाढली, मोहनची शस्त्रक्रिया झाली, सगळं तुमच्या चुलीवर निभावलं. हे तुम्हाला कधी तोंडावर बोलून दाखवलं नाही. आपल्यात तसलं बोलायची पद्धत नव्हती.

तुम्ही आमच्याबरोबर कधी जेवला नाहीत. सगळ्यांचं आटोपलं, ओटा पुसून झाला की पाट घ्यायचात आणि दाराकडे पाठ करून बसायचात. ताटही घ्यायचा नाहीत. उरलेला भात कुकरच्या डब्यातच कालवायचात. मी म्हणायचे, "अक्का, बसा हो आमच्याबरोबर." तुम्ही म्हणायचात, "तुमचं होऊ दे." खोटं कशाला बोलू, हा वादही मी वर्षातून दोनदाच घालायचे, पाडव्याला आणि दिवाळीला. एरवी मला बस गाठायची असायची आणि गरम पोळी तव्यावरून सरळ पानात पडलेली मला हवीच असायची.

गेल्या वर्षी ऋताला हेब्बाळच्या कंपनीत नोकरी लागली आणि तिनं पहिलं काम केलं ते हे. परदेशातल्या त्या मोठ्या थीम पार्कची चार दिवसांची सहल, डिसेंबरात, आपण चौघं. तुम्ही तोवर तिरुपतीच्या पुढे गेला नव्हतात. मी म्हटलं, अक्का त्या फिरत्या पाळण्यांत बसून काय करतील? ती म्हणाली, "पाळण्यात नाही बसली तर नाही. जेवायला तर बसेल? तिथं हॉटेलं बघ ना कसली आहेत. तीन दिवस तीन ठिकाणी टेबल धरलंय मी. एकदा तरी दोड्डम्माला कुणीतरी वाढू दे."

पोरीच्या मनात एवढंच होतं. तुम्ही त्या सगळ्याला शेवटपर्यंत "ती जत्रा" म्हणालात आणि निघताना पिशवीत मेतकूट, चटणीपूड आणि दशम्या भरल्यात. मी ओरडले, तरी भरल्यातच.

पहिल्या दिवशीचं हॉटेल पाण्याखालचं होतं. भिंतभर काच आणि काचेपलीकडे मासे. तुम्ही म्हणालात, "आपण शाकाहारी आहोत हे यांना कुणीतरी सांगा, बिचारे भ्यायलेत." ऋता इतकी हसली की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मग भांडी आली आणि तुम्ही उठून उभ्या राहिलात. डाव घेतलात आणि आम्हाला वाढायला लागलात. वाढपी पोरगी धावत आली. "मॅडम, प्लीज, तुम्ही बसा." तुम्ही तिला मराठीत सांगितलंत, "बस गं तू, दमली असशील." तिला शब्द कळले नाहीत, पण ती धावपळ थांबवून दोन मिनिटं हात बांधून उभी राहिली. त्या संध्याकाळी तुम्ही दोन वाट्या सूप प्यायलात. पाव माझ्या ताटलीत सरकवलात. "कडक आहे गं, दाताला." मी खाल्ला. चांगला मऊ होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी किल्ल्यासारखं बांधलेलं हॉटेल. तिथं वेष घातलेले प्राणी टेबलाटेबलाशी येतात, लहान मुलांना मिठ्या मारतात, फोटो काढून घेतात. आपल्याकडे हत्ती आला. निळा, सात फुटी, बोलायची त्याला मनाई. तुम्ही मान वर करून बंगळूरच्या सवयीनं विचारलंत, "ऊटा आयता?" जेवण झालं का, असं आपल्या गल्लीत दूधवाल्यालाही विचारतात तसं. हत्तीनं पोटावरून सोंड फिरवली. तुम्हाला पटलं नाही. "आत माणूस आहे ना?" तुम्ही मोहनला म्हणालात. "मग त्याला कोण विचारतं? हा जेवतो कधी?" मोहन म्हणाला, "वहिनी, त्याला पगार असतो." "पगार खातात होय?" तुम्ही म्हणालात.

टेबलभर पदार्थ होते. तुम्ही कुठल्यालाच हात लावला नाहीत आणि आईस्क्रीम तीनदा घेतलंत. ऋता खूश. फोटोवर फोटो काढत होती. "हस ना दोड्डम्मा, इकडे बघ." तुम्ही हसलात. मला वाटलं, चला, बाईला काहीतरी आवडलं.

तिसऱ्या दिवशीचं हॉटेल जहाजाच्या आकाराचं. संध्याकाळी साडेपाचची वेळ, टेबल दीड तासच आपलं, मग पुढची मंडळी येणार. ऋतानं तिथल्या लोकांना आधीच कळवून ठेवलं होतं की तुम्हाला पहिलं वाढायचं. तसं त्यांनी वाढलं. तुमच्यापुढे ताटली आली, पनीर भरून भाजलेल्या गुंडाळ्या, बरोबर भाज्या. तुम्ही हात मांडीवर ठेवून बसलात. "तुमचं होऊ दे."

आमचं आलं. आम्ही खाल्लं. तुमचं गार होत गेलं. ऋताचा चेहरा उतरला आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "अक्का, इथं कुणी ओटा पुसायचा नाहीये. पोरीनं सहा महिने ठरवलंय हे. आता तरी आडमुठेपणा सोडा."

तुम्ही मला खालच्या आवाजात जे उत्तर दिलंत ते मी तेव्हा नीट ऐकून घेतलं नाही. तुम्ही म्हणालात, "शेवटी बसलं की कुणी काही मागत नाही, विद्या. कुणी बघत नाही. तेवढा घास माझा असतो. तुला तो काढून घ्यायचाय का?"

मी इतकी वर्षं समजत होते की शेवटी जेवणं म्हणजे तुमच्यावर झालेला अन्याय. तुमच्या मते ती दिवसातली एकटी, शांत अशी दहा मिनिटं होती. की हे तुम्ही गिळता येत नव्हतं म्हणून म्हणालात? दोन्ही खरं असू शकतं. आपण कधीतरी बसून भांडून हे निकालात काढायला हवं होतं.

त्या वेळी मी फक्त एवढंच म्हणाले, "एक घास खा. आमच्यासमोर. आत्ता." ज्या आवाजात मी माल उशिरा पाठवणाऱ्यांशी बोलते त्याच आवाजात. तुम्ही घास घेतलात. बराच वेळ चावलात. मग पदर तोंडाशी धरून उठलात. मी मागोमाग आले, कारण तिथले नळ तुम्हाला उघडता येत नव्हते.

तुम्ही बेसिनवर वाकला होतात. घास जसाच्या तसा बाहेर आला होता.

"काय झालं?"

"काही नाही गं. अडकला."

"किती दिवस होतंय हे?"

"कोरडं खाल्लं की होतं. पाण्यानं उतरतं."

"अक्का, किती दिवस?"

"दसऱ्यापासून असेल." तुम्ही बेसिन हातानं स्वच्छ धुतलंत. "पातळ उतरतं, गार उतरतं. तू पोरीला सांगू नकोस. किती हौसेनं आणलंय तिनं."

मी म्हटलं, परत गेल्यावर आधी डॉक्टर. तुम्ही कन्नडमध्ये "सरी" म्हणालात, म्हणजे बरं. माझ्या पर्समध्ये प्रत्येक गोष्टीवर गोळी असते. मी तुम्हाला पित्ताची गोळी दिली. आपण टेबलाशी परत आलो तेव्हा वेळ संपत आली होती. वाढप्यानं विचारलं, नेऊ का? तुम्ही भरलेली ताटली दोन्ही हातांनी उचलून त्याला दिलीत, आणि तुमच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. ती मी पाहिली.

परत आलो ते जानेवारीच्या तोंडावर. कारखान्यात नवी यंत्रं यायची होती, आठवड्यातून तीनदा बैठका. मी तुम्हाला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मेट्रोच्या वेळेवर नजर ठेवून, चप्पल घालता घालता. "कसं आहे अक्का?" "स्वल्प बरं आहे." तेवढ्यावर मी समाधान मानलं. तुम्ही पुन्हा दाराकडे पाठ करून जेवत होतात. मला फक्त चार पावलं आत येऊन डब्यात काय आहे ते बघायचं होतं. मी कारखान्यात आलेल्या मालाचं प्रत्येक खोकं उघडून बघते. सात आठवड्यांत त्या डब्यात एकदाही डोकावले नाही.

शेवटी शेजारणीनं मोहनला विचारलं, तुमच्या वहिनी एवढ्या का वाळल्या? तेव्हा तो तुम्हाला घेऊन गेला. तपासण्या झाल्या, आणि रिपोर्ट घेऊन आपण सगळे डॉक्टरांसमोर बसलो. अन्ननलिकेचा कॅन्सर, बराच पुढे गेलेला. डॉक्टर तरुण होते, जरा चिडलेच. "घास अडकतोय हे जेवताना घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" ऋता म्हणाली, "ती आमच्याबरोबर जेवत नाही." हे वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं आणि तिला ते ऐकू आलं. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते की नाही, आता सांगता येत नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि डॉक्टरांना म्हणालात, "कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलंच नाही कुणाला."

स्वतःचं दुखणं लपवणं सोडलं तर जन्मभर तुम्हाला खोटं बोलता आलं नाही. दूधवाल्याशीसुद्धा नाही. तिथं माझ्यासाठी बोललात, आणि मी ते घेतलं, जशी तव्यावरची पोळी घ्यायचे तशी.

नंतर मी एकटी जाऊन डॉक्टरांना विचारलं, सात आठवडे आधी आलो असतो तर? ते म्हणाले, सांगता येणार नाही. मला हो किंवा नाही हवं होतं. यांपैकी कुठल्याही एकाबरोबर मी दिवस काढले असते.

मग पोटात नळी. दर दोन तासांनी मोठ्या सिरिंजनं पातळ पेज, डाळीचं पाणी, डब्यातली ती पिठं. मी रजा घेतली. इतक्या वर्षांनी मी तुम्हाला वाढत होते, आणि या घरात पहिल्यांदाच तुमचं जेवण आमच्या आधी होत होतं. सिरिंज धरून उभी होते तेव्हा तुम्ही घोगऱ्या आवाजात म्हणालात, "झालं का समाधान तुझं? बसले बघ पहिल्या पंगतीला." मी म्हटलं, "हलू नका, सांडेल." तुम्ही हसलात. त्या वेळी मला म्हणता आलं असतं, अक्का, त्या दिवशी डॉक्टरांसमोर तुम्ही का बोललात ते मला कळलं. साडेचार महिने रोज सहा वेळा तुमच्या उशाशी उभी होते आणि एकदाही म्हटलं नाही. सिरिंज धुतली, वेळ लिहिली, पुढच्या वेळेचा गजर लावला.

आज हा कागद समोर आहे. गप्प बसणं सोपं आहे. शुक्रवारी ऋता आईस्क्रीम आणेल, पहिल्या पानात वाटी ठेवेल, रडेल आणि तिला बरं वाटेल. चाळीस माणसं आईस्क्रीम खातील आणि म्हणतील, अक्कांना फार आवडायचं. पुढच्या वर्षी पुन्हा, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. ज्या एका गोष्टीखेरीज तुमच्या घशाखाली काही उतरत नव्हतं, ती तुमची आवड म्हणून आम्ही दर वर्षी तुमच्या नावानं वाढत राहू. तुमचं दुखणंच वाढत राहू. आणि ही ओळ खोडली तर का खोडली ते सांगावं लागेल. मग जहाजातलं सांगावं लागेल, आणि तुम्ही माझ्यासाठी जे खोटं बोललात ते मोडावं लागेल. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, कशाला उगाच पोरीला. पण ऋता मला त्या फोटोंमधलाच एक निवडायला सांगते आहे, हार घालायला.

ओळ खोडली.

बुधवारी सकाळी साडेसातला दोघं चहाला बसले होते. मी उभ्यानंच सांगितलं. बसले असते तर राहून गेलं असतं. जहाजातलं हॉटेल, बेसिन, पित्ताची गोळी, जानेवारी, डॉक्टर. सगळं क्रमानं.

ऋता म्हणाली, "म्हणजे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि आईस्क्रीम?"

"गार असलं की उतरायचं त्यांना. म्हणून."

"मी तिला हस म्हणत होते," ती म्हणाली. "तिला गिळता येत नव्हतं आणि मी म्हणत होते, इकडे बघून हस." कप तसाच ठेवून ती खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. मोहननं एकच विचारलं, "सात आठवडे?" मी म्हटलं, "सात." तो उठून बाल्कनीत गेला.

आठला बेल वाजली. आचारी दारातच उभे राहून यादी वरपासून खालपर्यंत वाचायला लागले. खोडलेल्या ओळीशी थांबले.

"हे काय अम्मा? इथं काय लिहू?"

"काही लिहू नका. गोड काय करायचं ते तुम्ही ठरवा."

"असं कसं? चाळीस वर्षं करतोय मी हे. प्रत्येकाचं काहीतरी असतंच." ते जरा घुटमळले. "त्यांना काहीच आवडत नव्हतं का?"

"आवडत असेल," मी म्हटलं. "आम्ही कधी बघितलं नाही."